चमचाभर आसव आणि दारूबंदी समिती

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी होती, त्यामुळे दारूवर बोलायचा अधिकार प्रत्येकाला होता. ज्यांनी जन्मात बाटली हातात धरली नव्हती ते बाटलीचे परिणाम तोंडपाठ सांगायचे. डोळे लाल होतात, नाक गळतं, माणूस एका जागी बसत नाही, भिंतीवर डोकं आपटतो, आणि घटकाभरानं काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं जेवायला मागतो. ही सगळी लक्षणं माझ्या नवऱ्यात होती. फक्त ती अर्ध्या चेहऱ्यात होती.

आम्ही आंजीच्या पुढे, गाडीवाटेवरच्या एका खेड्यात राहत होतो. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. गावच्या शाळेत हे एकटेच शिक्षक, म्हणजे हेडमास्तरही हेच आणि घंटा वाजवणारेही हेच. नोकरी अजून कायम झाली नव्हती. मी नवी नवरी, मॅट्रिक झालेली आणि त्याचा थोडा माज असलेली.

पहिल्यांदा ते दुखणं आलं तेव्हा मला ते दुखणं वाटलंच नाही. कापसाचा शेवटचा वेचा चालला होता, होळी तोंडावर आली होती. हे दुपारच्या सुट्टीत जेवायला घरी आले. मी माहेरची एक लांबलचक गोष्ट सांगत होते आणि हे जांभयांवर जांभया देत होते. मला राग आला. मग ते मान चोळायला लागले. मग गूळ मागितला. गूळ दिला तर भिंतीतल्या खुंटीकडे बघून म्हणाले, "हे खुंटी इथं कोनं ठोकली?" खुंटी त्यांनी स्वतःच आदल्या महिन्यात ठोकली होती. मी तसं म्हणणार, एवढ्यात त्यांची डावी पापणी हळूच अर्धी खाली आली.

भर दुपारी, दार उघडं असताना, नवऱ्यानं डोळा मारला! मी लाजून आत पळाले. पदर सारखा केला, केस सारखे केले आणि मोठ्या धीरानं हसत बाहेर आले. हे गोठ्याच्या खांबावर कपाळ आपटत होते. लाजून हसणाऱ्या नवरीला इतकं वाईट उत्तर क्वचितच कुणाला मिळालं असेल.

डावा डोळा लालभडक झाला होता आणि त्यातून पाण्याची धार लागली होती. डावीच नाकपुडी गळत होती. उजवी बाजू कोरडी ठणठणीत. "डोयात कोनी तापलेली लोखंडी सयी खुपसून राह्यलं," एवढंच ते म्हणाले आणि पुन्हा अंगणात येरझारा घालायला लागले. मी म्हटलं, जरा आडवे व्हा. तर माझ्यावर असे ओरडले की शेजारच्या घरातलं दळण थांबलं. माझ्या मावशीला अर्धशिशी होती. तिचं डोकं चढलं की ती अंधाऱ्या खोलीत लुगडं तोंडावर घेऊन पडायची आणि घरात कुणी वाटीसुद्धा वाजवायची नाही. हा प्रकार उलटा होता. हे पडायचे नाहीत, बसायचे नाहीत. भात शिजून निवायला लागेल इतका वेळ हे चालायचं आणि मग एकदम बंद. मग हे हातपाय धुऊन म्हणायचे, "भूक लागली वो."

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. असे काही आठवडे गेले आणि एक दिवस ते जसं आलं तसं निघून गेलं. वर्षभर नाव नाही. पुढच्या वर्षी कापूस घरात आला आणि पाठोपाठ दुखणंही हजर.

गावानं उपाय सांगायला कसूर केली नाही. सूर्य उगवायच्या आधी दुधात जिलबी खायची, असं ठरलं. खेड्यात पहाटे जिलबी कोण तळणार? मीच शिकले. हे कण्हत जिलबी खायचे आणि दुपारी दुखणं नेमानं यायचं. वजन तेवढं वाढलं. मग नाकात तूप सोडलं. मग शेजारणीच्या सांगण्यावरून गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला जाऊन आलो. चढताना हे खूष होते, उतरताना जांभया सुरू झाल्या आणि पायथ्याशी यांनी एका चिंचेला मिठी मारली ती सोडेनात. दर्ग्याला आलेली माणसं म्हणाली, "भाव असावा तं असा."

मग आर्वीकडचा एक वैद्य सापडला. त्यानं नाडी पाहिली, "मेंदू वाळून राह्यला," असं सांगितलं आणि द्राक्षासवाची बाटली दिली. आसव म्हणजे मुरवलेलं, त्यात आपोआप थोडी दारू उठते, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. यांनी जेवणानंतर एक चमचा घेतला. जेवण रात्रीचं होतं, दुखणं दुपारचं, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. मी भांडी आवरेपर्यंत जांभया सुरू झाल्या. दुसऱ्या रात्रीही तसंच. म्हणजे औषधानं एवढाच गुण आला की दुखणं दिवसातून दोनदा यायला लागलं. वैद्याला निरोप पाठवला तर उलट निरोप आला, मात्रा वाढवा.

आम्ही बाटली बंद करून फडताळात ठेवली. औषध फेकायचं नसतं, म्हणून फेकली नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी एका डॉक्टरानं या दुखण्याला क्लस्टर हेडेक म्हणतात असं सांगितलं. ते झुंडीनं येतं, झुंड असेपर्यंत दारूचा थेंबही त्याला बोलावतो, झुंड गेली की मग सहसा काही होत नाही, आणि नळीतून प्राणवायू दिला की पुष्कळांचं थांबतं. तेव्हा गावात वायू एकच होता, तो नाकातोंडातून फुकट मिळायचा आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता.

पण मी शिकले. जांभई आली की समजायचं, आता वेळ थोडा आहे. लगेच अंगण मोकळं करायचं, बादली, खाट, उखळ सगळं बाजूला, कारण अर्धा डोळा मिटलेला माणूस वेगानं चालतो तेव्हा त्याच्या वाटेत उखळ नको. विहिरीचं गार पाणी काढून ठेवायचं, ओलं फडकं कपाळाला करकचून बांधायचं. त्या दिवसांत दुपारची झोप अजिबात नाही, कारण डुलकी लागली की तेही दुखण्याला आमंत्रण. आणि खुंटीबद्दल विचारलं तर म्हणायचं, मी ठोकली, चुकलं माझं. शाळेतल्या पोरांनीही ओळखलं होतं. गुरुजींनी जांभई दिली की ती आपणहून पाढे म्हणायला लागायची, आणि हे शाळेमागच्या कडुनिंबाशी जाऊन डोकं टेकायचे.

तिथंच कुणीतरी पाहिलं. झाडाला धरून रडतात, तेही एकाच डोळ्यानं! गावात बातमी फिरली की गुरुजी मोहाची पितात. आणि गावात दारूबंदी समिती होती.

समितीत तिघं. अध्यक्ष म्हणजे खादी घालणारे एक म्हातारे शेतकरी, सज्जन माणूस. दुसरे किराणा दुकानदार. तिसरे पेन्शनीतले पटवारी. तिघं संध्याकाळी आमच्या ओसरीवर येऊन बसले. पिणाऱ्या मास्तराबद्दल वर कागद गेला असता तर कायम होणं राहू द्या, आहे ती नोकरीही गेली असती. दुसरं काही आम्हाला येत नव्हतं. शेत नव्हतं, दुकान नव्हतं. मला ते दारामागे उभं राहून लख्ख दिसत होतं.

समितीची तपासणीची एकच रीत होती. संशयितानं अध्यक्षांच्या नाकासमोर "हाऽ" करायचं.

"करा गुरुजी, हा करा," अध्यक्ष म्हणाले.

यांनी केला. अध्यक्षांनी डोळे मिटून बराच वेळ वास घेतला. "मले तं काईच येत नाई," ते म्हणाले.

"तुमाले कोनाचाच येत नाई," पटवारी म्हणाले. "जलमभर तपकीर ओढून राह्यले तुमी."

हे खरं होतं. गावात आजवर कोणीच दोषी का सापडलं नाही, याचा उलगडा समितीला त्या संध्याकाळी झाला. मग दुकानदारांना पुढे केलं. त्यांना हिंगाचा आणि घासलेटचा वास आला, पण तो त्यांच्याच अंगाचा निघाला.

"पन अर्ध्याच तोंडाले कशी चढते?" अध्यक्षांनी विचारलं.

"एका कुशीवर पडून पेते थो," दुकानदार म्हणाले. "मंग अर्ध्याच आंगात उतरते."

तिघांनी यावर गंभीरपणे विचार केला. पटवाऱ्यांनी तर मान तिरकी करून पाहिली. समितीसमोर बाईमाणसानं बोलायचं नसतं, पण माझ्याच्यानं राहवलं नाही. मी दारातून बाहेर आले.

"पेलेला मानूस पुढं काय करन, हे कोनी आधी सांगू शकते काय?" मी विचारलं. "मी सांगीन. आईतवारी दुपारी या. काय काय होईन थे एकेक मी पह्यलेच सांगीन. चुकली तं खुशाल धाडा कागद."

अध्यक्षांनी टोपी सारखी केली. "येतो बाई," ते म्हणाले.

रविवारी तिघं जेवून आले. आपापल्या टकळ्या आणि पेळू घेऊन आले, कारण वेळ फुकट घालवणं त्यांना पटण्यासारखं नव्हतं. ओसरीवर ओळीनं बसले आणि सूत काढू लागले. मी पोहे केले होते. अंगण मोकळं होतं, पाणी काढलेलं होतं. हे मधोमध पाटावर बसले होते.

आणि दुखणं येईना.

रोज घड्याळ लावून येणारं ते, त्या दिवशी येईना. खांबाची सावली ओसरीवरून सरकून गेली. यांना जांभई नाही, काही नाही. इतके टवटवीत मी त्यांना महिनाभरात पाहिले नव्हते. अध्यक्षांशी त्यांनी सरकीच्या पेंडीवर गप्पा मारल्या. दोनदा हसले. एरवी देवापुढे हात जोडून मी म्हणायचे, एक दिवस तरी सुना जाऊ दे. तो दिवस समोर बसला होता आणि मी आत चुलीपाशी उभी राहून म्हणत होते, ये गं बाई, आता तरी ये.

शेवटी दुकानदारांनी टकळी थांबवली. "दुखनं कवा येनार वो बाई? मले तं समजलं. आपन पाहाऱ्याले बसून हाओ, म्हनून याईले प्याले भेटली नाई. प्याले भेटली नाई म्हनून बरे हायेत. झालं ना सिद्ध?"

पटवाऱ्यांनी मान हलवली. या युक्तिवादात कुठं भोक आहे ते मी शोधत होते आणि मला सापडत नव्हतं. अध्यक्ष खाली बघत राहिले. त्यांना वाईट वाटत होतं, हेच जास्त भीतीचं होतं.

हे माझ्याकडे वळले. "अवं, थे बाटली आन," ते म्हणाले.

"बाटली!" दुकानदार उठून उभे राहिले.

"औषधाची हाये," हे म्हणाले. "वैद्यानं देल्ली. चमचाभर घेतलं का दुखनं येते. पाहा मंग तुमी."

मी नाही म्हटलं. मला त्या चमच्यामागून काय येतं ते माहीत होतं. मी फडताळापुढे जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "नाई देत मी. जाऊ द्या नोकरी."

अध्यक्षांनी मोठा सुस्कारा सोडला. "पेनाऱ्याची बायको अशीच बाटली लपवते," ते हळूच पटवाऱ्यांना म्हणाले.

म्हणजे दिली तरी गेलो, न दिली तरी गेलो. मी अध्यक्षांकडे पाहिलं, दुकानदारांकडे पाहिलं, शेवटी यांच्याकडे. यांनी पाटावरून तळहात पुढे केला, तीर्थ घेतात तसा. "दे. तुले अंदाज माईत हाये," ते म्हणाले.

मी ओतलं. एक चमचा, काठोकाठ. दुकानदारांनी बाटलीचा वास घेतला आणि त्यांचं तोंड उजळलं. पटवाऱ्यांनी चिठ्ठी वाचली: द्राक्षासव, जेवणानंतर. मग सगळे पुन्हा बसले. टकळ्या फिरू लागल्या. पटवाऱ्यांचा एक पेळू संपून दुसरा लागला, तेव्हा यांनी जांभई दिली.

"आता मान चोयतीन," मी म्हणाले.

यांनी मान चोळली. टकळ्या थांबल्या.

"आता गूय मागतीन."

"गूय हाये काय वो?" हे म्हणाले. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आता कोनाशी तरी भांडतीन, उगाच."

हे अध्यक्षांकडे रोखून पाहत होते. "हे टोपी अशी वाकडी काऊन घालता तुमी? पोरं पाह्यतात ना!"

अध्यक्षांनी घाबरून टोपी काढूनच ठेवली.

"आता डावी पापनी," मी म्हणाले. तिघंही पुढे वाकले. पापणी अर्धी खाली आली. खरं सांगते, त्या क्षणी मला भारी वाटलं. सगळी उत्तरं बरोबर आली होती. मॅट्रिकच्या निकालालाही मला इतका आनंद झाला नव्हता. आणि मग हे पाटावरून उठले, आणि माझा आनंद जागच्या जागी विझला. एवढं जोरात दुखलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. कपाळ धरून हे अंगणात गरागरा फिरायला लागले, डाव्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तोंडातून असा आवाज येत होता की गोठ्यातली गाय उठून उभी राहिली.

"पाहा, चढली," दुकानदार म्हणाले. "चमचाभरानं एवढी चढली!"

माझा तोल गेला. मी चमचा आणि बाटली ओसरीवर त्यांच्यापुढे आपटली. "मंग घ्या! तुमीबी घ्या चमचा चमचा! पाहू कोनाले चढते!"

समिती अडचणीत आली. दारूबंदी समितीनं दारू प्यायची की नाही, याबद्दल नियम नव्हता. पटवारी म्हणाले, चिठ्ठीवर औषध लिहिलंय, आणि तपासाच्या कामी चालतं. तिघांनी डोळे मिटून एकेक चमचा घेतला. मग एकमेकांच्या डाव्या डोळ्यात बघत बसले. इकडे माझा नवरा खांबावर कपाळ घासत होता आणि तिकडे तीन म्हातारी माणसं एकमेकांच्या पापण्या तपासत होती. काही होईना. पटवारी म्हणाले, "नीट समजलं नाई, अजून येक द्या." दिला. तरी काही नाही. त्यांनी फक्त मिशी पुसली.

मी यांच्या कपाळाला ओलं फडकं बांधायला धावले तर यांनी माझा हात झिडकारला. मी तिथंच अंगणात बसले आणि रडले. तेवढ्यात अध्यक्ष टकळी ठेवून उठले. काय करावं हे त्यांना कळत नव्हतं, पण बसून राहणंही त्यांना जमेना. ते बोडक्यानंच अंगणात उतरले आणि यांच्या मागोमाग फिरायला लागले. एक फेरी, दुसरी फेरी. यांना हात लावला नाही, बोलले नाहीत. धोतराच्या सोग्याला अडकलेलं सूत त्यांच्यामागे ओढत येत होतं. थोड्या वेळानं पटवारी उतरले. मग दुकानदारही. सबंध दारूबंदी समिती माझ्या नवऱ्यामागे रांगेनं अंगणात फिरत होती, आणि मला हसूही येईना.

मग ते थांबलं, नेहमीसारखं एकदम. हे विहिरीवर गेले, तोंड धुतलं आणि म्हणाले, "पोहे उरले काय?"

अध्यक्षांनी टोपी घातली, नीट सरळ घातली, आणि माझ्याजवळ आले. त्यांचे दोन्ही डोळे ओले होते. "दारू असती तं बरं होतं वो बाई," ते म्हणाले. "सोडा म्हनता आलं असतं."

कागद वर गेला नाही. त्याच वर्षी हे कायम झाले.

सोमवारी मी अंगण मोकळं करून ठेवलं. दुखणं आलं नाही. मंगळवारी आलं नाही. बुधवारीही हे शाळेतून तसेच आले, तेव्हा आम्हाला कळलं की या वर्षीची पाळी संपली. जेवताना हे म्हणाले, "शनवारीच संपली होती वाटते." मी ताटात भाकरी वाढत होते, माझा हात थांबला. रविवारी ते यायचं नव्हतंच, किंवा जाता जाता उंबऱ्याशी रेंगाळलं होतं. आम्ही त्याला हाक मारून परत बोलावलं होतं, आणि ओतणारा हात माझा होता. भाकरी माझ्या हातातच राहिली. यांनी ते पाहिलं आणि तिखट कमी पडलं म्हणून उगाच कुरकुर केली.

त्यानंतर आमचा संसार फार वर्षं चालला. म्हातारपणी यांचे हात इतके कापायचे की अर्धं औषध उशीवर सांडायचं. तरी मी चमचा घ्यायला गेले की ते माझा हात बाजूला करायचे. "हे तुह्यं काम नाई," म्हणायचे, आणि सांडत सांडत आपल्याच हातानं घ्यायचे.